आठ दिवसांची आगाऊ पानं

पणदऱ्याच्या शकुबाईने अकरा वर्षांत लिहिण्याचा एकही दिवस चुकवला नव्हता. पहाटे अंघोळ, देवापुढे उदबत्ती, मग आदल्या दिवसाचं एक पान. इंदापूरहून देवळात प्रवचनाला आलेल्या कुंडलिक गुरुजींनी हा नेम दिला होता आणि एकच अट घातली होती. झालं तेवढंच लिहायचं. व्हायचं ते देवाचं, तिथे आपण हात घालायचा नाही.

सुरुवातीला ती दोन ओळी लिही. धार काढली, भाकरी केल्या. पुढे दुधाच्या वाफेचा वास, तुरा आलेल्या उसावरचं सकाळचं ऊन, हेही पानावर येऊ लागलं. लिहून झालं की मन धुतल्यासारखं होई. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टर भरलेली बाई. तारीख, वार, वेळ सगळं चोख. वही देवापुढेच राही आणि घरातलं कुणी ती उघडत नसे.

मग मोतीबिंदू पिकला. बारामतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला सोमवार दिला आणि बजावलं, आठ दिवस वाकायचं नाही, लिहिणं-वाचणं बंद. नेमात खाडा पडणार होता.

"तुमी सांगा आत्या, मी लिहिते," सून मनिषा म्हणाली.

"नेम म्हंजी काय दळण हाय व्हय, दुसऱ्यानं आणायला?"

रविवारी शकुबाई देवापुढे बसली आणि सोमवार ते सोमवार अशी आठ पानं आगाऊ लिहून टाकली. खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून जे घडणारच आहे तेवढंच तिने निवडलं. एका पानावर एक ओळ.

सोमवारच्या पानावर होतं, 'राजवर्धनने गाडीतून दवाखान्यात नेलं.' सोमवारी लेकाची गाडी चालूच झाली नाही. रिक्षाने जाताना शकुबाईला ती ओळ आठवली आणि हसू आलं.

मंगळवारी लिहिलं होतं, 'गाईने सकाळची धार दिली.' सात वर्षांत न बिघडलेल्या गाईने मंगळवारी पान्हा चोरला. मनिषा रिकामी चरवी घेऊन परत आली.

"सोड गं, जनावर हाय," शकुबाई म्हणाली. पण ह्या वेळी तिला हसू आलं नाही.

बुधवारची ओळ तिला पाठ होती. 'रंगूबाई ताक न्यायला आली.' शेजारची रंगूबाई वीस वर्षं रोज आठच्या ठोक्याला तांब्या घेऊन यायची. बुधवारी आठ वाजले, सव्वाआठ झाले. काळा चष्मा लावून शकुबाई उंबऱ्यात बसून राहिली. नऊला रंगूबाईच्या घरातून रडणं ऐकू आलं. ती झोपेतच गेली होती.

गुरुवारी काय लिहिलं होतं ते शकुबाईला काही केल्या आठवेना. त्या दिवशी काही चुकल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती मात्र दिवसभर एकेका वस्तूला हात लावून बघत होती.

शुक्रवारी दुपारी चारला तिने वही मनिषापुढे धरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"आजचं वाच."

"आत्या, आवो रंगूमावशी ऐंशीच्या हुत्या. गाय तर काल दूध द्याय लागली. तुमी उगं..."

"वाच म्हणते न्हवं."

मनिषाने पान काढलं. "शुक्रवार. छकुली साडेपाचच्या एसटीने शाळेतून घरी आली." ती हसायला गेली आणि थांबली. छकुली तिची एकुलती एक पोर, आठवीत होती, बारामतीला शाळेत जायची. मनिषाने शाळेत फोन लावला. कुणी उचलला नाही.

शकुबाई देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. पान फाडलं तर खाडा पडणार, अकरा वर्षांचा नेम मोडणार. तिने एवढाच वेळ घेतला, जेवढा भाकरी उलथायला लागतो.

"पान हेच नव्हं? बोट ठेव माझं त्याच्यावर."

मनिषाने सासूचं बोट ओळीवर ठेवलं. शकुबाईने पान मुळापासून ओढलं, घरामागच्या परड्यात पाणी तापवायच्या चुलीत घातलं आणि त्याची राख होईपर्यंत हलली नाही.

साडेपाचची एसटी आली. चौघं उतरली, त्यांत छकुली नव्हती. मनिषा फाट्यावर धावली. राजवर्धन कारखान्यावरच्या कामावरून तसाच बारामतीकडे सुटला. पावणेसहा झाले. सहा झाले. उंबऱ्यातल्या शकुबाईला रस्त्यावर नुसते रंग हलताना दिसत होते.

सहा वाजून दहा मिनिटांनी त्यातला एक निळा रंग जवळ आला. मागे मनिषा होती.

"आज्जे, सरांनी जादा तास घेतला. गाडी चुकली, मग मी दुसरीनं आले," छकुली म्हणाली. "आई रस्त्यात रडत काय हुती?"

शकुबाईने तिला जवळ ओढलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. "भूक लागली आसंल. जा, हातपाय धू."

मनिषा म्हणाली, "बघा. नुसती वेळच चुकली हुती." आवाजात मात्र जोर नव्हता. बोलता बोलता तिने वही उचलली आणि राहिलेली पानं उलटू लागली. शनिवार. रविवार. सोमवारपाशी तिचा हात थांबला.

"काय हाय?" शकुबाईने विचारलं.

"कोरीच हायत की सगळी, आत्या."

एरवी सासूला तोंडावर उत्तर देणारी मनिषा इतक्या हळू कधी बोलली नव्हती. आणि पानं कोरी नव्हती, सोमवारचं तर नव्हतंच. ती ओळ शकुबाईने सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिली होती, कारण त्या गोष्टीइतकी खात्री दुसऱ्या कशाचीच नव्हती. 'आज सोमवार. मी देवापुढे पुन्हा लिहायला बसले.'

मनिषा वही पोटाशी धरून परड्याकडे निघाली.

"चुलीकडं नगं," शकुबाई म्हणाली. "आण हिकडं."

"आत्या, एकच तर पान हाय."

"पोरीचं हुतं म्हणून फाडलं. माझं न्हाई फाडायचं."

तिने हात पुढे केला. मनिषा दारातच उभी राहिली. वही तिच्या हातून सुटेना.