बाराव्या चालीचा घोडा

गेल्या वर्षी बुद्धिबळ क्लबच्या फायनलमध्ये सासऱ्यांनी दातांच्या डॉक्टरला तेवीस चालींत लोळवलं आणि तेव्हापासून जावयाचं नावच ‘तेवीस’ ठेवलं. चारचौघांत हाक मारत, “या तेवीस, बसा.” डॉक्टरच्या डोक्यात तिडीक जायची. यंदा म्हाताऱ्याला हरवायचं आणि ते नाव पुसून टाकायचं, एवढं एकच खूळ.

वर्षभर त्याने त्या एका डावाचा पार भुगा केला. तोंड उघडून बसलेल्या पेशंटलाही सिसिलियन ओपनिंग ऐकावी लागे. बिचाऱ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. रोज जेवणं झाली की पट मांडायचा. पांढऱ्या सोंगट्या हा हलवणार, काळ्या बायको, तिच्या बाबांच्या वतीने. शेवटी बाराव्या चालीला त्याला घबाड सापडलं. घोडा फुकट द्यायचा. काळ्याने घेतला की त्याच्या राजाची वाट लागलीच.

“घे घोडा,” तो बायकोला सांगे. “तुझे बाबा फुकटचं कधी सोडत नाहीत.”

ती निमूट घेई.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तिनेही नाव द्यायचं काढलं. “दे की, हौस भागव,” म्हणत याने फॉर्मही भरून दिला. आणि सेमीफायनलला समोर कोण, तर हीच. सासरे शेजारचा डाव उरकून आधीच फायनलला जाऊन बसले होते.

अकरा चाली तिने घरच्यासारख्याच खेळल्या. डॉक्टर खूश. त्याने घोडा पुढे टाकला आणि आरामात मागे रेलला. तिने घोड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. राजा कोपऱ्यात सरकवला आणि घड्याळ दाबलं.

“अगं, घोडा घे ना,” तो भर हॉलमध्ये म्हणाला. पंचांनी डोळे वटारले.

घोडा घेतलाच नाही तर काय, याचा त्याने वर्षभरात एकदाही विचार केला नव्हता. पुढच्या आठ चालींत आधी घोडा गेला, मग हत्ती, मग इभ्रत. त्याने हार मानून हात पुढे केला.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू ‘घे’ म्हणायचास. ‘तू काय करशील?’ असं एकदा तरी विचारलंस?”

डॉक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडे सासरे फायनलच्या सोंगट्या मांडत होते. त्याने एक खुर्ची ओढली आणि बायकोच्या मागे जाऊन बसला.

“बाबांशी काय खेळणार आहेस?” त्याने हळूच विचारलं.

“गप बस आणि बघ,” ती म्हणाली.