विरळणी

तारेच्या ब्रशने ग्वेनिथ तोडणीसाठी झाडावर केलेली निळी खूण खरवडत होती. जारावृक्षाची साल जाड आणि धाग्याधाग्यांची. रंग भेगांत उतरला होता, सहजासहजी निघत नव्हता. दोन खोडं साफ करून ती तिसऱ्याशी झटत असताना मागे गाडी थांबली. तिने मान वळवली नाही.

"आई, पुरे आता."

टॅम्सिन वनखात्याचा शर्ट घालून उभी होती. तिच्यामागे तोडणीचा ठेकेदार लाझो ट्रकला टेकून राहिला. करवत त्याने खाली काढलीच नाही.

"आई घरी," ग्वेनिथ म्हणाली. "इथे तू खात्याची बाई."

मेरिडपच्या या जंगलासाठी ग्वेनिथ तरुणपणी बुलडोझरसमोर आडवी पडली होती. तेव्हा टॅम्सिन तिच्या पोटात होती. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ग्वेनिथच ते सांगत असे. म्हातारी झाडं त्यामुळे वाचली; पण आधीच तोडून झालेल्या भागात बुंध्याबुंध्यातून फुटवे आले आणि एकेका बुंध्यावर तीन-चार खोडं दाटीवाटीने वाढली. पाऊस होता तोवर भागलं. आता तो दरसाल थोडा मागे सरकत होता, आणि गेल्या उन्हाळ्यात डोंगराचा अख्खा उतार तांबूस पडला. तेव्हा टॅम्सिनने विरळणीची योजना मांडली. दाटीतली खोडं काढायची, ओल धरायला तिथेच जमिनीवर पडू द्यायची, उरलेल्यांना पाणी पुरू द्यायचं. गावाच्या सभेत ग्वेनिथ उठून एवढंच म्हणाली होती, "माझ्या पोटी लाकडाच्या वखारीची पोर जन्माला आली."

"यातलं एक लाकूड विकलं जाणार नाही," टॅम्सिन म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगितलंय मी."

"तेव्हाचा तुमच्या खात्याचा साहेबही हेच म्हणायचा. जंगलाच्या भल्यासाठी. त्याच्या तोंडी ते शोभत तरी होतं."

"त्या म्हाताऱ्या झाडाकडे बघ. तूच वाचवलंस ना ते? शेंडा वाळलाय त्याचा. ही आजूबाजूची पोरं त्याचं पाणी पितात."

"पोरं आईबापांचं पितातच. म्हणून कोणी त्यांना कापून काढत नाही."

लाझो खोकल्यासारखं काहीतरी करून दुसरीकडे बघू लागला.

"बाजूला हो. नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलाव की. तुझा बाप आज असता तर हेही बघायला मिळालं असतं त्याला."

टॅम्सिनने फोन लावला. आलेला हवालदार ग्वेनिथच्या गल्लीतलाच. तो अवघडून उभा राहिला आणि त्याने तिचा दंड बोटांच्या टोकांनी धरला.

"नीट धर," ती त्याला म्हणाली. "तुझ्या लोकांनी याआधी मला याहून जोरात धरलंय."

गाडी वळणाआड गेली. टॅम्सिनने रंगाचा डबा उचलला आणि खरवडलेल्या खोडांवर पुन्हा खुणा केल्या. पहिली वाकडी आली.

"आज राहू दे," लाझो म्हणाला.

"आजच."

त्यानंतर मायलेकींचं बोलणं तुटलं. नाताळात टॅम्सिन आईच्या दारात जाऊन आली. आत रेडिओ चालू होता. तिने दोनदा दार ठोठावलं, तेव्हा रेडिओचा आवाज वाढला.

पुढच्या हिवाळ्यात वादळ झालं आणि विरळणी केलेल्या उतारावरची बरीच झाडं उन्मळून पडली. एकमेकांच्या आधाराने उभं राहायची सवय झालेली खोडं ती. एकटी पडल्यावर टिकली नाहीत. "शेजार काढून घेतला की वारा खातोच," असं ग्वेनिथ वाण्याच्या दुकानात मोठ्याने म्हणाल्याचं टॅम्सिनच्या कानावर आलं. ते खरंच होतं.

उन्हाळा पुन्हा कोरडा गेला. फेब्रुवारीत, इथला उन्हाळा सरता सरता, आजूबाजूचे डोंगर तांबडे झाले, तिचा उतार मात्र बराचसा हिरवा राहिला. सगळा नव्हे, त्या म्हाताऱ्या झाडाचा वाळका शेंडा वाळकाच होता, पण खालच्या फांद्यांना नवी पालवी होती. रविवारी लोक गाड्या घेऊन बघायला येत आणि तिचं अभिनंदन करत. एका उन्हाळ्यावरून काही सांगता येत नाही, असं ती म्हणे. लोकांना तो विनय वाटे. तिला खरोखरच सांगता येत नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी ग्वेनिथचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"घरामागचं माझं रान वाळत चाललंय."

ते रान ग्वेनिथने नवऱ्याच्या विम्याच्या पैशांतून घेतलं होतं, कोणी त्याला हात लावू नये म्हणून. कोणी लावलाही नव्हता. टॅम्सिन लहानपणी तिथेच खेळली होती.

"किती?" तिने विचारलं.

"पाणवठ्यापर्यंतचं सगळं चहाच्या रंगाचं झालंय. वरचं अजून धरून आहे. काढायची ती लवकर काढलेली बरी, असं तूच म्हणत होतीस."

टॅम्सिन खुर्चीवर बसली. "उद्या सकाळी येते मी खुणा करायला."

"तू नको."

"आई, हे माझंच काम आहे. दुसरं कोणी—"

"ऐक. तुझ्या खुणेवरून माझं झाड पडलं तर मी मरेपर्यंत तुला माफ करणार नाही. स्वभाव ठाऊक आहे मला माझा. एकदा करून झालंय. परका माणूस पाठव. त्याच्यावर डूख धरून मला जगता येईल."

टॅम्सिनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लाझोला पाठवते."

"चालेल," ग्वेनिथ म्हणाली. "तसाही तो मला आवडत नाही."