खवट तेलाला गुळगुळीत कवच

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे. केस सुकवायचा नाही, आधीच सांगतो! मी खोलीएवढा उंच, स्टीलच्या पोटाचा, खाली नरसाळ्यासारखा निमुळता. लसणाचा अर्क असलेलं तेल आणि डिंकाचं पाणी घुसळून दुधासारखं करतात, ते मी गरम हवेत फवारतो. थेंब खाली पडेपर्यंत सुकतो आणि त्याच्यावर डिंकाचं पातळ कवच बसतं. आत लसूण, बाहेर वास नाही. कवच फुटतं ते थेट पोटात.

मला आबांनी, या कारखान्याच्या मालकांनी, आणलं. तेव्हा मी फार लाडका होतो. काम संपलं की गरम पाण्याने अंघोळ. नव्या मालाचा पहिला चमचा आबा स्वतः खायचे. त्यांनी खाल्ल्याशिवाय डबे भरायचे नाहीत, असा नियमच होता.

मग आबा थकले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, दादाकडे आला. अंघोळ बंद. माझ्या भिंतींना जुन्या पावडरीचे चिकट, पिवळे पापुद्रे लोंबायला लागले. त्यात मुंग्या. शी!

त्या दिवशी तर कहर झाला. दादाने उन्हात विसरलेलं तेलाचं पिंप ओढत आणलं. झाकण उघडताच त्याच्या बहिणीने, ताईने, नाक दाबलं.

"दादा, हे खवट झालंय. टाकून दे."

"वेडी आहेस का? कवचात गेलं की कोणाला कळतंय? वास बंद, विषय बंद."

"आणि पोटात फुटल्यावर?"

"पोट गिऱ्हाइकाचं. तुझं काय जातंय?"

"मी नाही मशीन लावणार."

मग त्यानेच बटण दाबलं. मित्रांनो, ती घाण माझ्या तोंडातून गेली. तेलाचा थेंबन् थेंब मी गुंडाळला. आणि पावडर पडली ती कशी? पांढरीशुभ्र, बिनवासाची, अगदी साळसूद! मला माझीच किळस आली.

डबे भरून झाले, तोवर आबा आले. ताईनेच माल चाखायला बोलावलं होतं.

"चमचा आण रे," आबा म्हणाले.

"आबा, आज राहू दे ना."

"का? दिसतोय तर छान." आबांनी स्वतःच चमचा भरला आणि तोंडाशी नेला.

दादाने झडप घालून तो उडवला. पावडर फरशीभर.

"नको आबा! तुम्हाला बाधेल!"

आबांनी एक डबा उचलला. त्यावर छापलेलं वाचलं, 'वयस्कर मंडळींच्या पचनासाठी'.

"मग हे कोणाच्या बापासाठी आहे रे?"

आबांनी सगळे डबे फोडायला लावले आणि दादाच्या हातात ब्रश दिला. तो माझ्या पोटात शिरला, दोनदा ओकायला बाहेर पळाला. मला मजा आली, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मशीनला धुवा, पुसा, जपा. आणि आपल्या माणसाच्या ताटात जे वाढणार नाही, ते माझ्या तोंडात ओतू नका. मला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं ना?