घरट्यासमोरच्या दोन गाठी

"घूंऽब... घूंऽब..." रिकाम्या माठात कुणी फुंकर घालावी तसा तो आवाज पहाटे पाण्यावरून येई, आणि माझं लाकूड आतून थरथरे. मित्रांनो, लव्हाळ्यात राहणाऱ्या तापस बगळ्याची ती साद. ती ऐकून आता वीस वर्षं झाली.

मी एक जुनी होडी आहे. आफ्रिकेतल्या ओकावांगोच्या पाणथळीत थामुकूने एक अखंड खोड महिनाभर कोरलं, तासलं, आणि मला पाण्यात सोडलं. अंगाने मी जरा वाकडीच. पण अशी सरके, की कमळाचं पान दचकू नये. थामुकू माझ्यात उभा राहून लांब काठीने मला ढकली. तापस मोठा बिलंदर! चोच आभाळाकडे करून उभा राहिला की लव्हाळ्याचीच एक काडी. तरी थामुकूला तो दिसेच. "रा थामुकू, तुमच्या नजरेतून पक्षी सुटायचा नाही," असं लोक आदराने 'रा' लावून म्हणत.

आमच्याकडे पाण्यातली वाट रोज बुजते. म्हणून आत शिरताना खुणेला लव्हाळ्याच्या गाठी मारायच्या आणि परतताना आठवणीने सोडायच्या, ही नावाड्यांची रीत.

एकदा एक कॅमेरेवाला पाहुणा आला. थामुकूची आठ वर्षांची लेक, केबोने तिचं नाव, माझ्या टोकाला बसली होती. तापसाचं घरटं दाट लव्हाळ्यात. पाहुण्याला पिल्लं दिसेनात. तेव्हा थामुकूने दोन्ही बाजूंची लव्हाळी ओढून दोन गाठी मारल्या आणि घरट्यासमोर खिडकीच उघडली. पिल्लांची पिंजारलेली डोकी पाहून केबोने खुदकन हसली. पाहुण्याने थामुकूची पाठ थोपटली. कौतुक डोक्यात गेलं, आणि थामुकू गाठी न सोडताच परतला.

तिसऱ्या दिवशी थामुकू आणि मी गेलो, तर वर पिल्लं टिपणारा शिकारी भोवत्या पक्षी घिरट्या घालत होता. घरट्यात नुसती पिसं. थामुकूने मुकाट्याने गाठी सोडल्या. गावात मात्र सांगितलं, "पोर हसली. तापस बिथरला, घरटं टाकून गेला."

मी सारं पाहिलं होतं. पण लाकडाला कोण विचारतं?

केबोने त्यानंतर पाण्यावर कधी हसली नाही. मोठी झाली, पाहुण्यांना पक्षी दाखवू लागली. फायबरच्या होड्या आल्या. मी अंगणात पालथी पडले. कोंबड्या पाठीवर चढल्या, वाळवी पोटात शिरली. केबोने मात्र दर पावसाळ्यात त्याच लव्हाळ्यात जाऊन बसे. तापसाची साद पुन्हा ऐकली की आपला अपराध फिटेल, एवढीच तिची आस.

नावाडी टोमणे मारत, "अगं, तुझा तापस लग्नात सासऱ्याला द्यायच्या गाई जमवायला गेलाय! जमल्या की येईल."

"मग गोठा बांधून ठेवा," ती म्हणे. ओठांवर हसू मात्र येत नसे.

मित्रांनो, एखाद्याचं घर पाहायला आडोसा बाजूला केलात, तर निघताना तो परत लावा. विसरलात, तर निदान दुसऱ्याच्या माथी मारू नका.

काल दुपारी केबोने भिजून, कुडकुडत परतली. थामुकू माझ्या पाठीवर बसून कमळकंद सोलत होता.

"उद्या नको जाऊस, पोरी. ताप भरलाय तुला."

"जाणार, बाबा. मी त्या दिवशी तोंड आवरलं असतं, तर..."

थामुकूची सुरी थांबली. त्याने अर्धवट सोललेला कंद बाजूला ठेवला.

"तुझ्या हसण्यानं नव्हता गेला गं तो," तो म्हणाला. "गाठी मी सोडल्या नव्हत्या."