उजव्या कप्प्यातली पत्रं

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, तुम्ही आज शाळेबरोबर दूरचित्रवाणी केंद्र बघायला आलात, आणि बुटाची नाडी बांधायला तुमच्यापैकी कुणीतरी माझ्यावर बसलं. त्याचा मला राग नाही. इतक्या वर्षांत कुणी जवळ आलं, हेच पुष्कळ. पण तुम्ही पुढच्या खोलीत जायच्या आत मला काही सांगायचं आहे. मी जरा भराभरा सांगेन, कारण मला भीती वाटते. तशी मी जन्माचीच भित्री.

माझा जन्म इथल्याच सुतारखात्यातला. त्या वर्षी केंद्रावर एका खासगी गुप्तहेराची मालिका सुरू होणार होती. सुतारकाकांनी गुप्तहेराच्या कचेरीचं टेबल केलं, दार केलं, पुस्तकांचं खोटं कपाट केलं, आणि उरलेल्या फळ्यांतून मला केलं. म्हणजे ज्या टेबलावर मूठ आपटून तो खुन्यांना घाम फोडायचा, ते माझं सख्खं भावंड. पण एका घरची लेकरं सारखी थोडीच निघतात? टेबल छातीठोक निघालं, आणि मी कडी वाजली तरी दचकणारी.

सुतारकाकांनी माझ्या पोटात मधोमध एक फळी बसवून दोन कप्पे केले. डावीकडे खडूने ‘तक्रार’ लिहिलं, उजवीकडे ‘कौतुक’. वर झाकण आणि साधी कडी. कुलूप काही बसवलं नाही. प्रेक्षकांची पत्रं कोण चोरणार, असं ते म्हणाले.

मला टपालबाईंच्या टेबलाशेजारी ठेवलं. बाईंचा चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला असायचा आणि उजव्या अंगठ्यात कागद उलटायची रबरी टोपी. पाकीट फोडायचं, पहिली ओळ वाचायची आणि पत्र डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचं, हे काम त्या इतक्या झपाट्याने करत की बघणाऱ्याने बघत राहावं. त्या म्हणायच्या, “शितावरून भाताची परीक्षा. सगळं वाचत बसले तर मला इथेच अंथरूण घालावं लागेल.”

दर गुरुवारी केंद्राच्या साहेबांचा निरोप यायचा. बाई माझा डावा कप्पा त्यांच्या टेबलावर रिकामा करायच्या. उजवा मात्र साहेबांनी कधीच मागवला नाही. “कौतुक ऐकून माणूस बिघडतो. मला चुका दाखवा,” असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून डावा कप्पा दर आठवड्याला मोकळा व्हायचा आणि उजवा नुसता भरत जायचा.

पत्र एकदा माझ्यात पडलं की त्यातलं अक्षर न अक्षर मला कळतं. मला वाचता येतं, पण मोठ्या माणसांना ऐकू जाईल असं बोलता येत नाही. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तेच आहे.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. लोक काय काय लिहायचे! ‘तुमच्या गुप्तहेराला कायमची सर्दी का? दबा धरून बसल्यावर शिंकतो, मग खुनी पळणारच.’ एका निवृत्त हवालदारांनी बेड्या कशा घालाव्यात यावर अकरा पानं पाठवली होती, आकृतीसकट. एक आई विचारत होती, ‘हा मुलगा घरी जेवायला कधी जातो?’ कुणी लिहिलं होतं, ‘खून माळ्याने केला हे आमच्या आजोबांनी पाच मिनिटांत सांगितलं, आणि ते डुलक्या काढत होते.’

चौथ्या भागानंतर पत्रांचा सूर बदलला. त्या भागात एक भाचा आपल्या आत्याच्या वस्तू गुपचूप हलवतो आणि तिला वेड लागलंय असं तिच्याच मनात भरवतो. तो भाग फार परिणामकारक झाला असावा. ‘आमची मुलं स्वयंपाकघरात एकटी जात नाहीत, बंद करा हे,’ अशी पत्रं ढिगाने आली. डावा कप्पा तुडुंब भरला, आणि ती पत्रं पोटात घेऊन मीही घाबरून बसायची.

सहाव्या आठवड्यात एक निळं पाकीट आलं. आत समास सोडून लिहिलेला कागद, मोत्यासारखं अक्षर. पहिली ओळ होती, ‘आपली मालिका अतिशय सुंदर असून आम्ही सर्व जण ती आवडीने पाहतो.’ बाईंनी एवढं वाचलं आणि पत्र उजवीकडे टाकलं.

खालच्या ओळी मी वाचल्या.

‘चौथा भाग पाहून मी घाबरले आहे, कारण माझ्या घरी तसंच घडत आहे. चष्मा साखरेच्या डब्यात सापडतो. मंगळवारी बाजारातून आले तर घरभर गॅसचा वास होता, आणि त्या दिवशी मी शेगडीला हातही लावला नव्हता. घराची दुसरी किल्ली माझ्या भाच्याकडे असते. तो म्हणतो, आत्या, तुला विसर पडायला लागलाय. डॉक्टरांनाही तसंच सांगतो. आपल्या गुप्तहेरांना विचारून कळवावं, मी काय करू? मला वेड लागलेलं नाही.’ खाली तारीख, पूर्ण पत्ता आणि सही. सहीपुढे लिहिलं होतं, निवृत्त शिक्षिका.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बाई पाकीट टाकायला झाकण उघडायच्या तेव्हा मला वाटायचं, आता तरी हात उजवीकडे जाईल आणि ते पत्र वर येईल. पण त्यावर नवी पत्रं पडत गेली. एकदा मी सगळा जोर लावून बिजागरी करकरवली. बाईंनी तिच्यात तेल घातलं.

नवव्या आठवड्यात साहेबांनी मालिका बंद केली. “इतक्या तक्रारी मी आजवर कुठल्याच मालिकेच्या पाहिल्या नाहीत,” ते म्हणाले. बरोबरच होतं. त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. नवव्या भागातला खुनी कोण, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

मला उचलून इथे, सामानाच्या खोलीत आणलं. शेजारी रंगाचे डबे, वर मोडका पंखा. कोपऱ्यात उंदीर काहीतरी कुरतडायचा, आणि मला वाटायचं, आता तो माझ्याकडे वळणार, ते निळं पाकीट खाणार, आणि त्या शिक्षिकेचं म्हणणं जगात कुठेच उरणार नाही. मी दिवस मोजत होते. गॅसचं बटण पुन्हा कुणी फिरवलं असेल का, एवढाच विचार मनात यायचा.

मग एका दुपारी गुप्तहेर आला. म्हणजे ते काम करणारा नट. मिशा काढल्यावर चेहरा अगदीच साधा होता. मालिकेतला कोट परत करायला तो आला होता. तो टपालबाईंना म्हणाला, “बाई, खरं सांगा. एकालाही आवडली नाही का हो?”

बाई खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, “चला माझ्याबरोबर.”

त्यांनी माझं झाकण उघडून उजवा कप्पा दाखवला. तो फरशीवरच बसला आणि वाचू लागला. कौतुकाला भुकेलेला माणूस पत्र सहीपर्यंत वाचतो. एक झालं, दुसरं झालं, त्याचे डोळे भरून आले. सतराव्या पत्राला त्याचा हात थांबला.

“बाई, ह्याची तारीख बघा.”

बाईंनी चष्मा लावून पत्र पुरतं वाचलं. “मी पहिली ओळ वाचली होती,” त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

“मी काय करणार?” नट म्हणाला. “मी नुसता नट आहे. मला पालीची भीती वाटते.” तरी त्याने परत करायला आणलेला कोट अंगात घातला, आणि दोघं गेले.

पुढचं मला कळलं ते बाईंनी सुतारकाकांना सांगितलं तेव्हा. पत्रातल्या पत्त्यावरच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली की भाच्याने आत्याला विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवलंय. हे दोघं तिथे गेले. शिक्षिका खिडकीशी बसल्या होत्या. कोट ओळखून म्हणाल्या, “फार उशीर केलात.” आश्रमातल्या डॉक्टरांनी पत्र वाचलं, तारखा आणि तपशील त्यांना एकेक करून विचारले, आणि मग पोलिसांना बोलावलं. त्या घरी परतल्या. कुलूप बदललं, दुसरी किल्ली कुणालाच दिली नाही.

टपालबाईंनी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “चूक माझीही आहे. आम्ही सर्व जण कसले, मी एकटीच असते. पण पत्राची सुरुवात चांगल्या शब्दांनी करावी, असं छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. सवय जाते कुठे?” आणि मग हळूच म्हणाल्या, “आणखी आठ दिवस गेले असते तर मीच कबूल केलं असतं, की मला वेड लागलंय.”

इथे माझी गोष्ट संपली असती तर मी आज सुखाने तुम्हाला पाठीवर बसू दिलं असतं. पण नटाने वाचली ती सतराच पत्रं. सतरावं हातात घेऊन तो धावला. बाई म्हणाल्या होत्या, उरलेली उद्या वाचू. त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी नव्या कारकुनाला बजावलं, “उजवा कप्पा शेवटपर्यंत वाचायचा राहिलाय.” तो म्हणाला, “हो हो, बघतो.”

तो आला नाही. माझ्या उजव्या कप्प्यात अजून बरीच पत्रं आहेत. सगळ्यांची पहिली ओळ गोड आहे. त्यातल्या दोन पत्रांच्या खालच्या ओळी मला इतकी वर्षं झोपू देत नाहीत.

मित्रांनो, कुणी तुमच्याशी गोड बोललं तर लगेच वळून जाऊ नका. त्याचं बोलणं पुरतं ऐका, त्याचं पत्र सहीपर्यंत वाचा. आणि आता तुमच्या बाई पुढच्या खोलीत हाका मारतायत, तर तेवढं एक करून जा. मला कुलूप नाही. कडी नुसती अडकवलेली आहे.