पैसा नाही, बैल

फाल्गुनात आमचा पवळ्या बैल मोट ओढता ओढता खाली बसला, तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या बैलाच्या जोडीला बा आणि इंद्रभानदादा जुवाखाली लागले. चार मोटा निघाल्या आणि बा छाती धरून बसला. अनसिंगच्या शिवारात आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. तिसऱ्या दिवशी वांग्यांनी माना टाकल्या. मी नऊ वर्षांची होते. तांब्यानं पाणी घालत फिरायची. एवढ्या मळ्याला तांब्या कुठं पुरणार!

दादा तेव्हा सोळाचा होता. वाशीमच्या बाजाराला आमची भाजीची गाडी पहाटे निघायची. तो घरची कामं उरकून मागून पळत निघायचा आणि निम्म्या वाटेत गाडी गाठायचा. शाळेच्या उत्तमराव मास्तरांनी ते हेरलं होतं. दिवाळीनंतर अकोल्याला सरकारी शर्यती होत्या. पहिला येईल त्याला मॅट्रिकपर्यंत राहणं, जेवण आणि महिन्याला सहा रुपये. अट एकच होती, पळण्याचा पैसा घेतलेला पोरगा तिथं चालत नव्हता. मास्तरांनी ती बाला दोनदा बजावली होती.

तशात वाशीमचा हिरालाल शेठ मळ्यात आला. त्याचे शंकरपटाचे बैल जत्राजत्रांतून पळायचे आणि त्यांच्यावर तो पैजा लावायचा. आता त्याला पळणारा माणूस हवा होता. तीन जत्रांचे साठ रुपये देतो म्हणाला.

तो गेल्यावर घरात जुंपली. माय म्हणाली, "पोरगं शिकून राह्यलं, शिकू द्या. दिवाळीलोक थांबा."

बा म्हणाला, "मी थांबतो. वांगे थांबतीन काय तुह्यासाठी?"

मायलाही वांगी दिसतच होती. दादाला कोणी विचारलं नाही.

बानं दोन दिवस डोकं खाजवून तोड काढली. शेठला म्हणाला, "पैसा नको. मास्तरले जबान देल्ली हाये. मले एक बैल द्या." शेठ पोट धरून हसला आणि बैल देऊन गेला. चांगला चार दाती, तरणा, पांढराशुभ्र. मळा जगला.

रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत दादा पहिला आला, पुढच्या दोन जत्रांतही आला. बोलीप्रमाणे शेठचं देणं फिटलं.

अकोल्याला बानं मलाही नेलं. मैदानात चुन्याची रेघ होती. मास्तरांनी घेऊन दिलेली पांढरी चड्डी घालून दादा तिच्यामागं उभा होता. टेबलाशी बसलेले साहेब एकेकाच्या बापाला विचारत होते, पोरानं पळण्याचे पैसे कधी घेतले का.

बानं फेटा सारखा केला. "नाही साहेब. पैशाले हातबी नाही लावला आमी. बैल घेतला."

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बैल कसा मिळाला, कोणत्या जत्रेत दादा कितीनं पुढं होता, सारं बा कौतुकानं सांगत गेला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नावावर रेघ मारली. मास्तर हात जोडून बोलले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण कायद्यापुढं इलाज नाही म्हणाला.

"मंग बैल वापस देतो ना," बा म्हणाला.

साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. दादाला दोरीबाहेर बोलावलं. पहिला आलेला पोरगा त्याच्या निम्मंही पळत नव्हता, हे मलासुद्धा कळलं.

मग दादाची शाळा सुटली आणि तो जत्राच पळत राहिला. कुठं फेटा मिळे, कुठं पाच रुपये. विसाव्या वर्षी गुडघा गेला, तसा शेठ वाटेनं ओळख देईनासा झाला. दादा लंगडत मोट हाकू लागला.

बानं त्या बैलाला पुन्हा कधी आपल्या हातानं जुंपलं नाही. आवाज द्यायचा, "इंद्रभान, तूच धर त्याले." बैल आणखी बारा वर्षं जगला. दादा आधी त्याच्यापुढं चारा टाकायचा, मग आपण भाकरीला बसायचा. टोचायची पराणी मात्र त्याला एकदाही लावली नाही. म्हणायचा, "त्याले कोणं इचारलं होतं?"