बदकाची चाल

सरांनी चित्रफीत पुन्हा मागे नेली आणि टीव्हीच्या पडद्याशी वाकून बोट ठेवलं.

"हा बघा. निळी टोपी."

आईने चष्मा पुसून पाहिलं. जाहिरातीच्या फलकावरून एक निळी टोपी सरकत गेली. टोपीखालचा मुलगा फलकाआडच राहिला. मग कॅमेरा पुढच्या तिघांकडे वळला आणि तिथेच रमला.

"एवढाच?"

"तो कायम मागच्या घोळक्यात असायचा हो." मुलाला चालण्याच्या शर्यतींसाठी तयार करणारे सर असे ओशाळले, जणू कॅमेरा त्यांच्याच हातात होता. "आणि कॅमेरावाल्यांना पुढच्यांचंच कौतुक."

आठवडाभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, रविवारी शर्यतीत उतरायचं आणि वर्षातून एकदा राखीव सैनिकाचा गणवेश चढवून सरावाला जायचं, असा त्याचा शिरस्ता होता. या खेपेला बोलावणं सरावाचं नव्हतं. जाताना नेहमीसारखाच डबा विसरून गेला, आणि परत आली ती पेटी.

चेहऱ्याचे फोटो घरात पुष्कळ होते. आवाज बहिणीच्या फोनमध्ये होता. "दार उघड, किल्ली विसरलोय," एवढाच, पण होता. चाल मात्र कुठेच नव्हती, आणि काही केल्या आईला ती डोळ्यांसमोर आणता येईना. त्या एकाच गोष्टीने तिची झोप उडाली होती. म्हणून तर तिने सरांना बोलावून घेतलं होतं.

या शर्यतीत पळायचं नसतं, पण पळणाऱ्याच्या तोंडात मारेल अशा वेगाने चालायचं असतं, आणि एक पाय सदैव जमिनीला टेकलेला हवा. त्यापायी कंबर अशी काही हलते की पाहणाऱ्याला हसू आवरत नाही. गल्लीने त्याचं नाव बदक ठेवलं होतं. त्याला त्याचं काही वाटत नसे. "बदक कधी धापा टाकताना पाहिलंय?" असं उलट विचारायचा.

"तू कर," आई मुलीला म्हणाली. "तू करायचीस ना त्याची नक्कल."

"आई, सरांसमोर?"

"सर काय परके आहेत?"

बहीण उठली आणि स्वयंपाकघराच्या दारापासून चालत आली. या नकलेवर पूर्वी सगळं घर पोट धरून हसायचं. सगळ्यात मोठ्याने तोच. आज कुणी हसलं नाही. त्याला चिडवायला म्हणून तिने कंबरेचे हेलकावे वाढवले होते, मान वाकडी केली होती, आणि इतकी वर्षं तेच करता करता खरी चाल कुठल्या कुठे गेली होती. अर्ध्या खोलीत ती थांबली.

"मला नाही गं आठवत," ती रडत म्हणाली. "मला माझी नक्कलच आठवते."

आईने तिला जवळ ओढलं. 

खिडकीशी बाबा बसले होते. ते शहर बसचे चालक. मुलाच्या शर्यतीला ते जन्मात कधी गेले नव्हते. रविवारची ड्यूटी, हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि त्यावरून आईने त्यांना कमी ऐकवलं नव्हतं. ते उठले.

"सरका जरा," म्हणाले, आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले.

"बाबा, इकडे तोंड करा ना."

"मला असाच माहीत आहे. सकाळच्या पहिल्या फेरीला तो माझ्याच रस्त्याने सराव करायचा. पुलापर्यंत."

"आणि तुम्ही?"

"मी मागे. बस घेऊन."

"म्हणजे तुमची बस उशिरा येते म्हणून आलेल्या त्या सगळ्या तक्रारी..." आई म्हणाली.

"हॉर्न दिला असता तर दचकला असता."

बाबा चालू लागले. पोट सुटलेला, गुडघे धरलेला माणूस. पण कोपरं अंगाशी घट्ट, आधी टाच, उजवा खांदा किंचित उतरलेला, आणि कंबर हवी तेवढीच. हसू यावं असं त्यात काहीच नव्हतं. सर नकळत उभे राहिले.

"उजवा खांदा," ते पुटपुटले. "किती सांगितलं, ऐकलं नाही पठ्ठ्याने."

खोली संपली. बाबा उघड्या दाराशी थबकले.

"आता वळा," बहीण म्हणाली.

"नको, वळू नका." आई धडपडत उठली. "तसेच जा. अजून थोडं."

बाबा उंबरठा ओलांडून बाहेरच्या लांब गॅलरीत गेले. एक पाय उचलण्याआधी दुसरा टेकवत, त्याच वेगाने. आई दारात चौकट धरून उभी राहिली, आणि ती पाठ जिन्यापाशी पोचेपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत.

"जपून जा रे," ती म्हणाली.